बारबॅकचं काम नेमकं काय असतं, आणि डिप्लोमा करून ते करावं का?

प्रश्न असा आहे: नाशिकला हॉटेल मॅनेजमेंटचा डिप्लोमा झालेली २२ वर्षांची मुलगी. लोअर परळच्या एका मोठ्या कॉकटेल बारमध्ये बारबॅक, म्हणजे बारटेंडरचा मदतनीस, म्हणून नोकरी मिळतेय. घरचे म्हणतात, शिकूनसवरून शेवटी बर्फच वाहणार का? तिला जाणून घ्यायचंय की या कामात नेमकं काय करावं लागतं, सुरुवातीला काय सांभाळायचं, बाईमाणसाला ते झेपतं का, आणि त्यातून पुढे बारटेंडर होता येतं का.

मी मुंबईत आणि मधली काही वर्षं गोव्यात काउंटरमागे काढली आहेत. सुरुवात बारबॅक म्हणूनच केली होती. आता माणसं नेमायचं आणि तयार करायचं काम माझ्याकडे असतं. वयाने मोठा आहे, म्हणून सरळ ‘तू’ म्हणतो.

घरच्यांना सांग, हो, बर्फ वाहावा लागतो. बर्फ, ग्लासांचे रॅक, बिअरचे क्रेट, लिंबांच्या गोण्या, शेवटी कचऱ्याच्या पिशव्यासुद्धा. जुन्या परमिट रूममध्ये याच माणसाला हेल्पर म्हणतात आणि त्याच्याकडून काउंटर पुसण्यापलीकडे कुणाची काही अपेक्षा नसते. कॉकटेल बारमध्ये मात्र गणित वेगळं असतं. शुक्रवारी रात्री दहाला काउंटरवर तिघं बारटेंडर उभे असतात. प्रत्येकाचं स्टेशन असं मांडलेलं असतं, की एका जागी उभं राहून डावी-उजवीकडे हात नेला की बाटली, बर्फ, रस, ग्लास सगळं हाताशी यावं. त्यातला एकजण टॉनिक आणायला स्टोअरकडे गेला तर परत येईपर्यंत प्रिंटरमधून चार बीओटी (ड्रिंकच्या ऑर्डरच्या चिठ्ठ्या) बाहेर आलेल्या असतात, आणि ती गाडी पुढे अर्धा तास रुळावर येत नाही. त्यामुळे मी बारबॅकला एकाच गोष्टीवर जोखतो: त्याच्या शिफ्टमध्ये बारटेंडरला जागा सोडून किती वेळा जावं लागलं. चांगल्या बारबॅकच्या रात्री ते जवळपास घडतच नाही. बाकी सगळं काम यातूनच निघतं.

बर्फापासून सुरू करतो, कारण माणूस किती तयार आहे ते तिथेच कळतं.

प्रत्येक स्टेशनला बर्फाचा स्टीलचा हौद असतो, त्याला आइस वेल म्हणतात. संध्याकाळी सातला तो सगळीकडेच भरलेला असतो, त्यात कौतुक काही नाही. खरी परीक्षा पावणेदहाला. वेल अर्ध्यावर आला की भरायचा, तळ दिसेपर्यंत थांबायचं नाही. तळाचा बर्फ पाण्यात भिजलेला असतो. शेक केलेल्या ड्रिंकमध्ये साधारण पाव भाग पाणी असतं ते वितळलेल्या बर्फाचं, आणि ते रेसिपीत धरलेलं असतं. भिजका बर्फ शेकरमध्ये गेला की ड्रिंक गार होण्याआधीच पातळ होतं. गिऱ्हाईक म्हणतं, ‘आज सावरमध्ये (लिंबाच्या आंबट कॉकटेलमध्ये) दम नाही.’ बोलणी बारटेंडर खातो, आणि दोष असतो वेलमध्ये साचलेल्या पाण्याचा. म्हणून नवा बर्फ ओतण्याआधी वेलच्या निचऱ्याच्या जाळीत लिंबाची बी किंवा पुदिन्याचं पान अडकलंय का ते बघ. हे कुणी शिकवत नाही, म्हणून लिहिलं.

बर्फ काढायचा तो स्कूपनेच. स्कूप वेलमध्ये रुतवून ठेवायचा नाही, बाहेर त्याच्या जागी टांगायचा. नाहीतर ज्या दांड्याला दहा हात लागतात तोच दांडा बर्फात पडून राहतो. ग्लास बुडवून बर्फ भरताना कुणी दिसला तर तो कितीही सिनियर असो, त्याला टोक. काच फुटून बर्फात पडली की ती डोळ्याला दिसत नाही. अशा वेळी जे करतात त्याला काउंटरवर ‘आइस बर्न करणं’ म्हणतात. आधी मोठ्याने सांगायचं, म्हणजे त्या वेलमधला कुणाचाही हात थांबतो. मग ग्रेनाडिन किंवा हाताशी असेल ते रंगीत सिरप बर्फावर ओतायचं, म्हणजे न ऐकलेल्या माणसालाही लाल बर्फ बघून कळतं. त्यावर गरम पाणी, सगळा बर्फ वितळेपर्यंत. पाण्याचा निचरा झाला की ओल्या पेपर टॉवेलने कोपरे आणि जाळी पुसायची. बोटं फिरवून चाचपायचं नाही. मगच नवा बर्फ. या सगळ्यात दहा मिनिटं जातात आणि गर्दीच्या वेळी ती दहा मिनिटं फार महाग पडतात, तरीही सूट नाही. ‘वरचा वरचा काढून टाक, खालचा चालेल’ असं सांगणारा मॅनेजर भेटला तर त्या बारमध्ये फार काळ राहू नकोस.

बादल्यांचंही एक आहे. बर्फाची बादली जमिनीवर टेकवायची नाही. टेकवलीस, तर वेलवर उलटी करताना तिच्या बुडाची घाण थेट बर्फात जाते. रिकामी झाली की उलटी टांगून ठेवायची. आणि काठोकाठ भरलेली एक बादली दोन्ही हातांनी पोटाशी धरून नेण्यापेक्षा दोन हातांत दोन अर्ध्या बऱ्या. पाठ वाचते आणि ओल्या फरशीवर तोल राहतो.

मशीन शनिवारीच बंद पडतं, हा जणू निसर्गनियम आहे. मग बाहेरून बर्फ येतो. महाराष्ट्रात २०१८पासून अखाद्य बर्फात निळसर रंग घालणं सक्तीचं आहे, म्हणजे मासळी आणि कारखान्यासाठीचा बर्फ रसवंतीत किंवा बारमध्ये जाऊ नये. पण पांढरा आला म्हणजे खाण्याचाच, असं गृहीत धरू नकोस. पिशवीवर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा परवान्याचा, क्रमांक आहे का ते बघ, आणि नसेल तर घेऊ का म्हणून वरच्याला विचार. सही तुझी असणार आहे.

ग्लास. इथे नवीन माणसाचा पहिला आठवडा जातो. हायबॉल, रॉक्स, कूप, मार्टिनी, वाइनचे दोन प्रकार, बिअर मग, शॉट. कुठलं ड्रिंक कशात जातं हे पाठ हवंच, पण त्याआधी उचलायचं कसं ते शिक. देठाला किंवा बुडाला धरायचं, ओठ लागतात तिथे हात नाही. टेबलवरून उचलताना चार ग्लासांत चार बोटं घालून आणणारी पोरं तू पाहिली असशील. आपण ते करायचं नाही, उष्ट्या ग्लासांनाही नाही, कारण त्याच बोटांनी पुढच्या मिनिटाला तू स्वच्छ ग्लास धरणार असतेस. रॉक्स ग्लास ओले असताना एकात एक घालू नकोस. ते अडकतात, आणि ओढताना एकाची कड उडते.

ग्लास वॉशरमधून निघालेला रॅक हात पोळेल इतका गरम असतो. जास्त तापमानाच्या मशीनमध्ये शेवटच्या धुण्याचं पाणी ८२ अंशांच्या आसपास असतं. तो ग्लास तसाच काउंटरवर गेला आणि त्यात बर्फ पडला की टचकन तडा. म्हणून रॅकची पाळी लाव: एक मशीनमध्ये, एक निवत ठेवलेला, एक वापरात. ग्लास कमी पडतात तेव्हा नव्वद टक्के वेळा ते फुटलेले नसतात, टेबलांवर पडून असतात. ‘ग्लास नाहीत’ असं बारटेंडरला सांगण्याआधी एक फेरी मार.

लिपस्टिक मशीनला सुटत नाही, ती आधी हाताने काढावी लागते. बिअरच्या ग्लासांचं तंत्र आणखी वेगळं. तेलाचा, साबणाचा अंश राहिला की फेस बसतो आणि गिऱ्हाईक म्हणतं बिअर शिळी आहे. ओतल्यावर ग्लासच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून राहिलेले दिसले तर ग्लास नीट धुतलेला नाही. त्यासाठी कापड आणि ब्रश वेगळे ठेव, किचनच्या तेलकट भांड्यांजवळ ते जाता कामा नयेत. कड उडाली आहे का ते उजेडासमोर धरून बघायचं, बोट फिरवून नाही.

दुपारची तयारी, म्हणजे आमच्या भाषेत मिज. तुझी शिफ्ट बहुधा तीन-चारला सुरू होईल आणि पहिले दोन तास लिंबांत जातील. आपल्या कागदी लिंबातून जेमतेम पंधरा मिली रस निघतो. लिटरभर रसाला साठ-सत्तर लिंबं लागतात, आणि वीकेंडला एक लिटर कुणाला पुरत नाही. लिंबू चिरण्याआधी ओट्यावर दाबून लोळवून घे. प्रेसमध्ये शेवटचा थेंब काढायचा हट्ट धरू नकोस, सालीखालचा पांढरा भाग पिळला गेला की रस कडवट होतो. काढलेला रस गाळून, वेळ लिहून, गार ठेवायचा आणि रात्री उरला तर ओतून द्यायचा. काल रात्रीचा रस आजच्या रसात मिसळून ‘खपवणारे’ बार आहेत. चवीला पहिल्या घोटातच कळतं. साखरेचं सिरप, आल्याचं सिरप, कोकमाचं काही असेल ते, प्रत्येक बाटलीवर तारीख लिहिलेली टेप हवी. आणि जुनी बाटली पुढे, नवी मागे.

आता हातांबद्दल, कारण डिप्लोमात हे शिकवत नाहीत. लिंबाचा रस अंगाला लागलेला असताना उन्हात गेलं की कातडी भाजल्यासारखी लाल होते, कधी फोड येतात, मग काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. लिंबाच्या सालीतल्या काही द्रव्यांवर अतिनील किरण पडले की असं होतं. गोव्यात शॅकवर काम करणाऱ्यांच्या मनगटांवर हे डाग मी सर्रास पाहिलेत, लोक त्याला ॲलर्जी समजतात. लिंबं झाली की कोपरापर्यंत साबणाने हात धू, मगच बाहेर. उन्हाळ्यात तिकडे उर्राक (काजूची हलकी दारू) सुरू झाला की त्यात लिमका, लिंबू, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालतात. त्या मिरच्या चिरायचं काम बारबॅकचंच. त्यानंतर चुकूनही डोळ्याला हात लावू नकोस. बाकी रोजचं दुखणं म्हणजे नखांच्या कडा. हात सतत ओले राहिल्याने तिथे चीर पडते, पू होतो. नखं बारीक, रात्री हात कोरडे करून व्हॅसलीन, आणि कापलेल्या बोटावर पट्टी लावून वर हातमोजा.

आता मुख्य कौशल्य: न सांगता कळणं. पंगतीत चांगला वाढपी पानाकडे बघून ओळखतो ना की इथे भात लागणार, तसं तुला बीओटीकडे बघून ओळखता यायला हवं. समज, प्रिंटरमधून एकदम तीन निघाल्या: चार एलआयआयटी (लाँग आयलंड आइस्ड टी), दोन जिन-टॉनिक, एक बिनदारूचा मोहितो, सहा पाइंट (बिअरच्या छोट्या बाटल्या). बारटेंडर पहिली वाचत असतो. तू तिन्ही वाचायच्या. एलआयआयटी म्हणजे चार उंच ग्लास आणि कोला. या स्टेशनला कोलाची एकच बाटली उरली आहे. टॉनिक गार आहेत का? पुदिना तळाला आलाय, देठं काळी पडलीत, आतून नवी जुडी. सहा पाइंट बर्फात आहेत की अजून क्रेटमध्येच? हे सगळं बघून तो पहिली बाटली उचलेपर्यंत चार ग्लास त्याच्या डाव्या हाताला लागलेले असावेत. तो ‘थँक्यू’ म्हणणार नाही, त्याला कळणारही नाही ग्लास कुठून आले. चिडू नकोस, काम जमल्याची ती खूण आहे.

बोलायचं थोडं. ‘सर, टॉनिक संपत आलंय वाटतं, आणू का?’ हा प्रश्न झाला, त्यावर त्याला विचार करावा लागतो. तू आधी आण, आणि एवढंच सांग: ‘टॉनिक भरलं, मागे शेवटची केस.’ तो जिगरने, म्हणजे पेगच्या मापाने, मोजत असताना काही सांगू नकोस. जिगर खाली ठेवला की सांग. एखादी गोष्ट खरंच संपली तर मात्र लगेच, आणि सर्व्हिस कॅप्टनलाही, नाहीतर पोरं टेबलवर ती विकत राहतात.

काउंटरमागची वाट दोन माणसं आडवी जेमतेम मावतील इतकी असते. कुणाच्याही मागून जाताना आवाज द्यायचा. मुंबईत बहुतेक ठिकाणी ‘बॅक, बॅक’ चालतं, काही ठिकाणी ‘पीछे’. गाणी जोरात असली की आवाज पोचत नाही, मग खांद्याला हलका हात लावतात. तुला ते नको असेल तर पहिल्याच दिवशी सांगून टाक, दुसरी खूण ठरवता येते. हातात चाकू असेल, गरम रॅक असेल तर तेही ओरडून.

प्रत्येक बारटेंडरची मांडणी वेगळी असते. एकजण डावखुरा, एकाला व्होडका डावीकडे पहिली लागते, एकाला स्ट्रेनर ओल्या कपड्यावरच हवा. बाटली जिथून उचललीस तिथेच, लेबल पुढे करून, पोअररचं (बाटलीत बसवलेल्या ओतायच्या नळीचं) तोंड त्याच बाजूला. तो बघत नाही, त्याचा हात जातो. आणि स्वतःच्या मर्जीने स्टेशन ‘नीटनेटकं’ करायला जाऊ नकोस, हे हुशार पोरं हमखास करतात.

गिऱ्हाईक तुझ्याकडे ऑर्डर देईल. काउंटरमागे उभी आहेस म्हणजे त्याच्या दृष्टीने तू बारटेंडरच. नजर टाळू नकोस, पाणी दे, ‘सांगते त्यांना’ म्हण आणि सांग. ड्रिंक मात्र हातात देऊ नकोस. महाराष्ट्रात बिअरसाठी किमान वय २१ आणि कडक दारूसाठी २५ आहे. कोवळ्या चेहऱ्याच्या पोराला विचारायचं की नाही, हा निर्णय ज्याच्या अंगावर जबाबदारी आहे त्याचा.

बिअरबद्दल थोडक्यात. ६५० मिलीच्या बारा बाटल्यांचा क्रेट चौदा-पंधरा किलो भरतो, तो तू गुडघे वाकवून उचलशील. भरलेला केग (बिअरचं स्टीलचं पिंप) एकटीने उचलायचा नाही, तीस लिटरचा चाळीस किलोच्या आसपास जातो आणि पन्नासचा साठच्या वर. पुरुषांनीही एकट्याने उचलू नये. मर्दानगी दाखवायला गेलेले दोघेतिघे पाठ धरून घरी बसलेले मला माहीत आहेत. केग बदलताना आधी गॅस बंद, मग कपलरचा (केगच्या तोंडावर बसणाऱ्या जोडाचा) दांडा वर, मग फिरवून काढायचा. नव्या केगची पहिली धार फेसाळ येते, ती जगमध्ये जाऊ दे. नुकताच हलवलेला किंवा न गारठलेला केग लावलास तर रात्रभर फेसच ओतत बसावं लागतं. कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर बंद कोल्ड रूममध्ये असतील आणि तिथे डोकं जड झालं, धाप लागली, तर काम टाकून ताबडतोब बाहेर ये आणि कुणालाही आत जाऊ देऊ नकोस.

रिकाम्या बाटल्यांकडे कुणी लक्ष देत नाही, तू दे. बहुतेक ठिकाणी रिकामी दिल्याशिवाय स्टोअरमधून भरलेली मिळत नाही, त्यामुळे फुटलेल्या बाटलीची मानसुद्धा टाकायची नसते. आणि महागड्या स्कॉचच्या रिकाम्या बाटलीला, खोक्यासकट, बाहेर चांगला भाव असतो. का असतो ते तुला कळेलच: तिच्यात बनावट माल भरून विकतात. मागच्या दाराशी कुणीतरी येऊन बारबॅकलाच विचारतो, कारण कचरा त्याच्या हातात असतो. सरळ नाही म्हण. हिशेब झाला की लेबल खरवडून बाटली फोडायची पद्धत चांगल्या बारमध्ये असते. नसेल तर सुरू करा असं सुचव.

मागच्या दाराचा विषय निघालाच आहे तर, तुला ज्या भागात नोकरी मिळतेय तिथे, कमला मिल्समध्ये, २९ डिसेंबर २०१७ला मध्यरात्रीनंतर गच्चीवरच्या पबला आग लागून १४ माणसं गेली. त्यातली बरीचशी स्वच्छतागृहाकडे पळाली आणि धुराने गुदमरली. गर्दीच्या बारमध्ये रिकामे क्रेट, कार्टन, जादा खुर्च्या कुठे साठतात? बाहेर पडायच्या मागच्या वाटेवर. आणि तिथे ते रचतं कोण? आपणच. ‘पाच मिनिटांसाठी ठेवलंय’ म्हणून रचलेला ढीग पहाटेपर्यंत तिथेच असतो. पहिल्या दिवशी ती वाट चालून बघ, दार आतून उघडतं का बघ, आणि तिथे काहीही ठेवू देऊ नकोस. यावरून कुणाशी भांडण झालं तरी चालेल.

बाईमाणसाला झेपतं का, याचं उत्तर ताकदीपेक्षा व्यवस्थेवर अवलंबून आहे. दारू विकल्या जाणाऱ्या जागी स्त्रियांना कामावर ठेवायला बंदी करणारं पंजाब अबकारी कायद्यातलं कलम सर्वोच्च न्यायालयाने २००७मध्ये रद्दबातल ठरवलं. ते प्रकरण दिल्लीतलं होतं, पण त्यानंतर देशभरात काउंटरमागे मुली दिसायला लागल्या आणि आज मुंबईत चांगल्या चांगल्या बारची सूत्रं बायकांच्या हातात आहेत. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते, आणि सुरक्षेची व घरी पोचवायची सोय मालकाने करायची असते. हे विचारायला लाजू नकोस, कारण बार दीडला बंद झाला तरी आवराआवर होऊन तुला निघायला तीन वाजतील. शेवटची लोकल कधीच गेलेली असते, पहिली चारनंतर. गाडी कुठपर्यंत सोडते, आत किती जण असतात, उतरणाऱ्यांत शेवटची तू आहेस का, हे नेमकं विचार. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या जागी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असावी लागते. तिच्यावर कोण आहे हे मॅनेजरला ठाऊक आहे का, एवढ्या एका प्रश्नावरूनही पुष्कळ कळतं.

आता वर चढण्याबद्दल. साधारण सहा महिने ते वर्षभरात ज्युनियर बारटेंडर होता यायला हवं. पण इथे एक अडचण आहे जी कुणी सांगत नाही: चांगला बारबॅक वर जात नाही, कारण तो चांगला असतो. त्याच्यावाचून सगळ्यांचं अडतं, म्हणून ‘पुढच्या महिन्यात बघू’ चालू राहतं. यावर दोन उपाय. जॉइन होण्याआधीच, किती महिन्यांनी चाचणी घेणार, हे मॅनेजरकडून लिहून घे, साधा मेल पुरतो. आणि तुझ्यामागून येणाऱ्या पोराला सगळं शिकव. शिकवलं नाही तर आपली जागा पक्की राहते असं वाटतं खरं, पण ती पक्की राहते बारबॅकचीच.

मधल्या काळात शिकायचं बरंच असतं. मंगळवार-बुधवारी काउंटर रिकामं असतं, तेव्हा सर्व्हिस बारवर, म्हणजे टेबलांची ड्रिंक बनतात तिथे, उभं राहू द्या म्हण. पाणी भरलेल्या बाटलीने ३० आणि ६० मिली ओतून जिगरमध्ये मोजत बस. स्ट्रॉच्या टोकावर थेंब घेऊन प्रत्येक ड्रिंक चाख आणि वहीत लिही. हिशेब समजून घे: ७५० मिलीच्या बाटलीतून ३०चे २५ पेग निघतात, मग महिनाअखेरीला तेविसाचेच पैसे का आले? इंडेंट, म्हणजे स्टोअरकडे मालाची मागणी, भरायला शिक. टेबलवरून आलेल्या ग्लासांतला तळ पिणारी पोरंही तुला भेटतील, त्यांच्यात बसू नकोस.

क्रूझ जहाजांवर हेच काम ‘बार युटिलिटी’ या नावाने असतं आणि मुंबई-गोव्यातून बरीच मुलंमुली तिकडे जातात. त्यासाठी सीडीसी (खलाशाचं नोंदपुस्तक) आणि एसटीसीडब्ल्यू या आंतरराष्ट्रीय नियमांनुसारचं प्राथमिक सुरक्षा प्रशिक्षण लागतं, पण भरती करणारे आधी गर्दीच्या बारचा अनुभवच विचारतात. एजंटला आगाऊ पैसे देऊ नकोस.

पगाराबद्दल विचारायचे प्रश्न हे: हातात किती येतात. टिप एकत्र जमा होते का, आणि पॉइंटवर (हुद्द्यानुसार ठरलेल्या हिश्शांवर) वाटली तर बारबॅकला बारटेंडरच्या मानाने किती पॉइंट. सर्व्हिस चार्जच्या भरवशावर मोठा आकडा सांगत असतील तर तो पगार समजू नकोस, कारण २०२२पासून केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचा निर्देश आहे की गिऱ्हाइकावर तो लादता येत नाही. ओव्हरटाइम कायद्याने दुप्पट दराने आहे, तो मिळतो का. ग्लास फुटले की पगारातून कापतात का. राहायची सोय आहे का, स्टाफचं जेवण किती वाजता असतं. बूट बार देतो की तू घ्यायचे? तूच घ्यायचे असतील तर बंद, न घसरणाऱ्या तळव्याचे घे, बाकी कशावर खर्च करू नकोस.

हे सगळं जुळलं तर माझं मत आहे की जा. आणि हो म्हणण्याआधी एक ट्रायल शिफ्ट मागून घे. ते मंगळवारी ये म्हणतील. तू शुक्रवारची माग, आणि त्या रात्रीचे पैसे मिळणार का, तेही आधीच विचार.